आधी तळ, मग काठ : ढासळणारा ओढा धरून ठेवताना

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच रात्री इकडे पुरंदरलाही तसाच पाऊस कोसळत होता. कऱ्हा नदीला पूर आला, नाझरे धरणातून मोठा विसर्ग सोडावा लागला आणि आमच्या शिवारातून कऱ्हेकडे जाणारा एक साधा ओढा, ज्याला नकाशावर नावही नाही, एका रात्रीत सत्तर मीटर वर खात गेला. सकाळी पाहिलं तर दोन्ही काठ साडेतीन मीटर उभे कापलेले. अंजिराच्या बागेची शेवटची ओळ मुळांसकट तळात पडली होती.

त्या ओढ्याच्या १८५ मीटर तुकड्यावर ऑक्टोबर २०२२ ते मे २०२५ या काळात जे काम झालं त्याची ही नोंद आहे. काम छोटं आहे. पण सुरुवातीला अशी एखादी नोंद हाताशी असती तर एक पावसाळा आणि तीस-बत्तीस हजार रुपये वाचले असते.

आधी दुखणं कुठे होतं ते. खालच्या अंगाला साधारण २५० मीटरमध्ये काही वर्षांपूर्वी पोकलेनने खोलीकरण झालं होतं. मुरूम काढला, त्याखालचा मऊ मांजऱ्या खडक काढला, काळा खडक लागला तेव्हा मशीन थांबलं. काढलेला माल दोन्ही काठांवर ढिगाने टाकला. विहिरींना दोन वर्षं पाणी बरं राहिलं, हे खरंच आहे. पण जिथे खोदकाम संपलं तिथे ओढ्यात १.४ मीटरची पायरी तयार झाली. वरून येणारं पाणी त्या पायरीवरून खाली पडतं, पायथ्याशी खड्डा करतं, पायरी पोकळ होऊन तुटते आणि एक पाऊल वर सरकते. दरवर्षी अशी सरकत सरकत ती एकूण १८५ मीटर वर गेली होती, त्यातले सत्तर त्या एका रात्रीत. पायरी पुढे गेली की मागे राहिलेला तळ खोल होतो, सव्वादोन मीटरचा काठ साडेतीनचा होतो आणि मग तो स्वतःच्या वजनाने पडतो.

काळ्या मातीचे काठ पुराच्या लोटात पडतात त्याहून जास्त पूर ओसरल्यावर पडतात. माती पाणी पिऊन जड झालेली असते, ओढ्यातल्या पाण्याचा टेकू अचानक निघून जातो. त्यात उन्हाळ्यात पडलेल्या भेगा काठाला समांतर असतात. त्या भेगेपासून आख्खी ढलपी सुटते. म्हणून पाऊस थांबल्यावर दोन दिवस काठावर गुरं बांधू नयेत, ट्रॅक्टर तर नाहीच.

तीन वर्षं जो तो आपापल्या परीने काठ वाचवत होता. कुणी जुने टायर रचले, कुणी सिमेंटच्या गोण्या, कुणी पडकी भिंत आणून ओतली. सगळं खाली गेलं, कारण ते ज्यावर उभं केलं होतं तो तळच खाली जात होता. हे ध्यानात यायला मात्र मोजमाप करावं लागलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मोजमापाला सुरुवात झाली. साहित्य म्हणजे ३० मीटरचा टेप, नायलॉनची दोरी, पातळी बघायचा पाण्याच्या पारदर्शक नळीचा हायड्रोमार्कर (पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या वेळचा गावात पडून होता) आणि १० मिमीच्या सळईचे ६० सेंमीचे तुकडे. दर २० मीटरवर दोरी आडवी ताणून काठापासून तळापर्यंत खोली घेतली. सळ्या काठात आडव्या ठोकून फक्त पाच सेंमी बाहेर ठेवल्या. प्रत्येक मोठ्या पावसानंतर किती सळई उघडी पडली ते मोजायचं. हा खर्च तीनशे रुपयांचा, पण पुढे प्रत्येक वादात हीच वही उपयोगी पडली. फोटो नेहमी एकाच जागेवरून काढावेत, त्या जागेच्या खडकावर रंगाची खूण करून ठेवावी.

आकडे असे निघाले. वरचं पाणलोट क्षेत्र साधारण १८० हेक्टर. तळाचा उतार १.८ टक्के, म्हणजे १०० मीटरला १.८ मीटर. तासाला ६० मिमी पाऊस आणि त्यातलं ४० टक्के पाणी वाहून येतं असं धरलं तर ०.४ × ६० × १८० भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला १२ घनमीटर पाणी. या उताराला ओढा भरून वाहताना वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपास जातो. तोच उतार अर्ध्या टक्क्यावर आणला तर वेग दीड मीटरवर येतो. आख्ख्या कामाचा गाभा एवढाच: पाणी अडवायचं नाही, तळाला टप्पे द्यायचे आणि टप्प्यांच्या मधला उतार कमी करायचा. २०१९ च्या पुराच्या खुणा मात्र १२ घनमीटरच्या दुपटीहून वरच्या होत्या. तेवढं पाणी ओढ्यात मावणार नाही. त्यामुळे ते वरून गेलं तरी काही तुटू नये अशी बांधणी हवी होती.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घेतला. ठरावाचे शब्द फार जपून लिहावेत. ‘ओढा खोलीकरण व रुंदीकरण’ असं लिहिलं की अंदाजपत्रकही तसंच येतं आणि पुन्हा मशीन तळात उतरतं. आम्ही ‘ओढ्याच्या तळाचे स्थिरीकरण, काठ संरक्षण व वृक्षलागवड’ असं लिहून घेतलं. दुसरं, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर पंचायतीचा पैसा त्यावर खर्च करता येत नाही. आराखडा पुढच्या आर्थिक वर्षाचा असतो, म्हणून ऑक्टोबरची सभा चुकली की एक वर्ष गेलं असं समजा.

नोव्हेंबरमध्ये मोजणीचा अर्ज. ओढा सरकारचा असतो (महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, कलम २०), पण सरकारी ओढा कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं हे गाव नकाशावरून जागेवर ठरवता येत नाही. ओढा सरकला की दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीचा काठ धरतात. तीन गटांची तातडीची मोजणी, फी ९,००० रुपये, मोजणी प्रत्यक्ष झाली ९५ दिवसांनी. मोजणीच्या दिवशी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस मिळालेली असली पाहिजे. एकाने ‘मला कळवलंच नाही’ म्हटलं की तारीख पुढे जाते. खुणा चुन्याने करू नका, पहिल्या पावसात जातात. दगड पुरून त्यावर रंग द्या. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली फेब्रुवारीच्या शेवटी.

मोजणीने एक गोष्ट उघडी पडली. एका बाजूला ओढा शेतात आला होता, तर समोरच्या बाजूला शेत ओढ्यात गेलं होतं. ढिगाच्या मातीवर कुणीतरी वाटाणा पेरत होतं. खरा वाद पैशाचा नव्हताच, गुंठ्यांचा होता. साडेतीन मीटर उभा काठ दीडास एक उताराला घ्यायचा तर शेताची सव्वापाच मीटरची पट्टी जाते. १८० मीटर लांबीला ते ९४५ चौरस मीटर, जवळजवळ साडेनऊ गुंठे. अंजिराच्या बागेतले साडेनऊ गुंठे सोडा असं कुणाला सहज सांगता येत नाही. जानेवारी ते मार्च या बैठकांतच गेले. शेवटी तोडगा निघाला तो असा: जिथे ओढा १४ मीटर रुंद झाला होता तिथे उताराचा पायथा दीड मीटर ओढ्याच्या आत घ्यायचा, म्हणजे शेताची पट्टी पावणेचार मीटरच जाईल. साडेनऊचे पावणेसात गुंठे झाले. शिवाय त्या पट्टीवरचं गवत आणि फळं त्या-त्या शेतकऱ्याची, फक्त नांगर घालायचा नाही. हे शंभराच्या मुद्रांकावर लिहून घेतलं. सह्या घेताना घरातल्या सगळ्या सहहिस्सेदारांच्या घ्याव्यात. सातबाऱ्यावर पाच नावं असतील तर पाचही.

याच काळात कागदांचा दुसरा रस्ता चालू होता. अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता हवी. ते एकदा परत आलं, कारण आम्ही लिहिलेली ‘दगडी उतरण’ (धोंडे रचून केलेला उतार) ही बाब दरसूचीत, म्हणजे कामांच्या सरकारी दरांच्या यादीत, नाही. तीच बाब ‘दगडी पिचिंग’ म्हणून मांडली तेव्हा चालली. दरसूची आधी वाचून, तिच्यातलीच नावं वापरून कागद करावा. तहसीलला वेगळा अर्ज केला: काठाची माती आणि जुन्या ढिगातला मुरूम त्याच जागी वापरणार, गटाबाहेर एकही ट्रॉली जाणार नाही. या पत्राला ४० दिवस लागले. पत्र नसेल आणि माती भरलेली ट्रॉली रस्त्यावर दिसली, तर ते विनापरवाना गौण खनिज ठरतं आणि दंड मूळ मालाच्या कितीतरी पट येतो. विकत घेतलेल्या डबराचंही (खाणीतल्या मोठ्या दगडाचंही) तसंच. प्रत्येक खेपेची वाहतूक पास आणि स्वामित्वधन भरल्याची पावती फाईलला लावली. पंचायतीच्या अबंधित निधीतून (ज्याचा खर्च ठरावीक कामाला बांधलेला नसतो) जाळ्या घ्यायच्या होत्या, त्यासाठी तीन दरपत्रकं.

काम १७ एप्रिल २०२३ ला सुरू झालं. क्रमाबद्दल थोडं सांगायला हवं. ‘माथा ते पायथा’ हे सूत्र आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे आणि पाणलोटासाठी ते बरोबर आहे. पण ओढ्याच्या तळात सरकणारी पायरी थांबवायची असेल तर उलट जावं लागतं: खाली जिथे पक्का खडक आहे तिथून सुरुवात करून वर चढायचं. वरचं काम आधी केलं आणि खालचा तळ आणखी खचला, तर वरचं सगळं मागोमाग येतं.

म्हणून डोंगराकडच्या दोन ओघळींत ११ दगडी बांध रोजगार हमीतून सुरू झाले आणि त्याच वेळी मुख्य ओढ्यात खालून वर गॅबियनचे, म्हणजे तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून केलेले, चार उंबरे. उंबरा म्हणतो, बंधारा नाही, कारण उंची फक्त ६० सेंमी. दोन उंबऱ्यांतलं अंतर कसं काढायचं? उंची भागिले आत्ताचा उतार वजा हवा असलेला उतार: ०.६ भागिले (०.०१८ वजा ०.००५), म्हणजे ४६ मीटर. चार उंबऱ्यांत १८४ मीटर धरले गेले.

सुटे दगडी बांध मुख्य ओढ्यात घालू नयेत. वर ४० हेक्टरहून जास्त पाणलोट असेल तर ते वाहून जातात आणि त्यांचेच दगड खाली जाऊन काठ फोडतात. ओघळीत ते उत्तम. पाया ३० सेंमी खोल, दोन्ही बाजूंना अर्धा मीटर काठात, वरच्या अंगाला एकास एक उतार, खालच्या अंगाला तीनास एक, मधला भाग कडांपेक्षा खाली. लोक हटकून माथा सपाट करतात, दिसायला छान दिसतो म्हणून. सपाट माथ्यावरून पाणी कडेने जातं आणि बांध जागच्या जागी राहून बाजूला नवी ओघळ पडते.

रोजगार हमीबद्दल, तेव्हाच्या नियमांप्रमाणे: कामाची मागणी नमुना ४ वर आणि त्याची तारखेची पोच घ्यावी. मशीन चालत नव्हतं, मजुरी-साहित्याचं प्रमाण ६०:४०. त्या वर्षीचा दर दिवसाला २७३ रुपये. हजेरीचा फोटो मोबाइलमधून दिवसातून दोनदा चढवावा लागत होता. ओढ्याच्या तळात रेंज नसते, त्यामुळे फोटो खाली काढून पाणंदीवर येऊन चढवायचे. दोन दिवसांची हजेरी यात बुडाली, हे आधी कळलं असतं तर बरं. मजुरी १५ दिवसांत मिळायला हवी होती. प्रत्यक्षात ५१ दिवस लागले. लोक टिकले कारण काम गावात होतं.

आता गॅबियन. एका उंबऱ्याची लांबी १० मीटर, त्यातले आठ मीटर ओढ्यात आणि एकेक मीटर दोन्ही काठांत. २ × १ × १ मीटरच्या पाच पेट्या. पाया ४० सेंमी खोल. मधल्या तीन पेट्या कडेच्या दोन पेट्यांपेक्षा ३० सेंमी खाली बसवल्या, म्हणजे पाणी मधूनच जाईल. खाली पडणाऱ्या पाण्यासाठी दोन मीटर लांब, अर्धा मीटर जाड गादी, तीही जाळीत बांधलेली. गादी टाळली तर पाणी पायथा उकरतं आणि उंबरा पुढे झुकतो. तार ३ मिमी, जस्ताचा मुलामा असलेली. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा, पण एका माणसाला उचलता येईल असा. बाहेरच्या अंगाला हाताने रचून, आत लहान. दर ३३ सेंमी उंचीला समोरासमोरच्या जाळ्यांना ताणतार बांधायची. ती विसरली की पेटी पोट काढते आणि एकदा पोट आलं की दुरुस्ती नाही, पेटी रिकामी करावी लागते. आमची एक करावी लागली. झाकणाची शिवण एकेका भोकातून. मजूर तीन-तीन भोकं सोडून तार ओवतात, तिथे उभं राहावं लागतं.

पेटीत मुरूम किंवा माती भरू नये. पहिल्या पुरात ती धुऊन जाते आणि वरचे दगड खाली बसतात. आणि दगड ओढ्याच्या तळातून वेचू नयेत. सुरुवातीला दोन दिवस आम्ही तेच केलं. जवळ होते, फुकट होते. पण तळावरचे मोठे गोटे हेच तळाचं चिलखत असतं. ते काढले की खालचा मुरूम उघडा पडतो. वेचलेले परत टाकले.

सगळ्यात वर, पायरीच्या तोंडाशी, दगडी उतरण केली. १.४ मीटरची उडी एकास आठ उतारात वाटली, म्हणजे साधारण ११ मीटर लांब. रुंदी सहा मीटर, जाडी ९० सेंमी. इथे पाण्याचा जोर सगळ्यात जास्त, म्हणून ४५ ते ६० सेंमीचे धोंडे, एकेक दीड-दोनशे किलोच्या घरातला. ते जेसीबीने एकात एक अडकवून बसवले. पायथ्याला आडवा चर खणून सगळ्यात मोठे धोंडे त्यात गाडले. धोंड्यांखाली मुरूम-खडीचा २० सेंमी थर द्यायचा. नाहीतर दगडांच्या फटीतून खालची माती ओढली जाते आणि उतरण महिन्याभरात खचते. बाहेरच्या वळणावर ६० मीटर लांबीत काठाच्या पायथ्याला ३५ सेंमीचे दगड, एक मीटर रुंद आणि ८० सेंमी जाड, अर्धे तळाच्या खाली गाडलेले. आतल्या वळणावर दगड घालायची गरज नसते, तिथे गाळ आपोआप साचतो.

काठ उताराला आणण्याचं काम शेवटी, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. पायथा आत घेतलेल्या जागी भराव २०-२५ सेंमीच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकून. जेसीबीने नुसती माती लोटली की ती भरीव दिसते, पण पहिल्या पाण्यात बसते. काळी माती एकटी वापरली नाही. जुन्या ढिगातला मुरूम निम्मा मिसळला, म्हणजे भेगा कमी पडतात. माथ्याला शेताकडून येणारं पाणी थेट उतारावर येऊ नये म्हणून हातभर उंचीची ताल (मातीचा बांध) घातली आणि दोन ठिकाणी दगडी मोकळ्या चाऱ्यांनी पाणी खाली उतरवलं. वळणावरच्या ६० मीटरला काथ्याची जाळी अंथरून लाकडी खुंट्यांनी ठोकली. मशीन २८ मे ला बाहेर पडलं.

लागवड जुलै २०२३ मध्ये. पायथ्याला वाळ्याचे ठोंब, उताराला आडव्या तीन ओळींत, दर १२ सेंमीला एक. १८० मीटरला साडेचार हजार लागले. वाळ्याची मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली तीन-चार मीटर जातात. शेजारच्या पिकाला त्रास नाही आणि माती शिवल्यासारखी धरून ठेवतात. ठोंब आणल्यावर मुळं ओल्या गोणपाटात ठेवावी आणि शेंडा वीतभर ठेवून छाटावा. ओलीच्या जागी वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड, पाऊण मीटरच्या काठ्या, रात्रभर पाण्यात ठेवून, दोन तृतीयांश जमिनीत. डोळे वरच्या बाजूला असावेत, उलटी रोवलेली काठी फुटत नाही. त्यासोबत शेरणी आणि लव्हाळा. मधल्या उताराला निर्गुडी आणि बियांपासून करंज. उंबर, जांभूळ, अर्जुन हे माथ्यावर, कडेपासून दोन मीटर आत. मोठं झाड उताराच्या मधोमध लावलं तर वाऱ्याने हलून तेच काठ उचकटतं. बेशरम कुणी कितीही सुचवली तरी लावू नये. लवकर फुटते हे खरं, पण मग ओढाच दिसेनासा होतो.

आणि मग पाऊसच आला नाही. २०२३ चा पावसाळा आमच्याकडे कोरडा गेला. ३१ ऑक्टोबरला सरकारने दुष्काळी म्हणून जे ४० तालुके जाहीर केले त्यात पुरंदर होता. वाळ्याचे चाळीस टक्के ठोंब गेले, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरचे जास्त. वाळुंज जवळपास सगळा गेला. ९०० रुपयांप्रमाणे १४ टँकर घातले, पण गावाला प्यायला टँकर लागायला लागल्यावर झाडांना घालणं थांबवलं. शेळ्या-मेंढ्यांना हिरवं तेवढंच उरलं होतं. बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण दोनदा केलं. त्यापेक्षा मेंढपाळांशी बोलून ओढ्यात उतरायची एक वाट मोकळी ठेवली, ते जास्त उपयोगी पडलं. वाट नाही दिली तर जनावरं कुठूनही उतरतात. दगडी कामाला मात्र कोरडं वर्ष फायद्याचं ठरलं, भराव नीट बसला.

खरी परीक्षा जून २०२४ मध्ये. पहिल्या मोठ्या लोटातच खालून दुसऱ्या उंबऱ्याला पाण्याने डाव्या बाजूने वळसा घातला आणि अडीच मीटर रुंद खाच पाडली. उंबरा जागेवर, ओढा शेजारून. कारण शोधायला वेळ लागला नाही. त्या बाजूला काठात मुरूम नव्हता, सगळी काळी माती होती, आणि खणताना पाण्याचा पाईप लागला म्हणून पेटी मीटरभर आत न नेता अर्ध्या मीटरवरच थांबवली होती. त्यात वरच्या बाजूच्या बागेतला मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या जुन्या नळ्या येऊन जाळीवर अडकल्या. मधला खोलगट भाग बंद झाला आणि पाण्याला कडेनेच जावं लागलं. काळ्या मातीत काठात किमान दीड मीटर शिरावं, हे आता पक्कं झालं. दुरुस्तीत पाईप हलवला, दोन पेट्या वाढवल्या, मागे मुरूम-दगड ठोकून भरला. खर्च ३१,००० रुपये. पाऊस चालू असताना हात लावला नाही, तोवर खाचेत फक्त दगडाच्या गोण्या टाकून ठेवल्या. चिखलात केलेला भराव टिकत नाही.

गेलेले ठोंब जुलै २०२४ ला पुन्हा लावले, या वेळी गावातल्याच वाढलेल्या वाळ्यापासून फोडून, म्हणजे फक्त मजुरीत.

हिशेब, पूर्णांकात: डबर ६६ ब्रास, पोहोच १,९०० ने, १,२५,४००. जेसीबी ५८ तास, १,१०० ने, ६३,८००. गॅबियनच्या २० पेट्या आणि ३२ गाद्या, १,०२,४००. पेट्या भरण्याची मजुरी ३९,६००. काथ्याची जाळी १८,०००, वाळा १८,०००, मोजणी ९,०००, टँकर १२,६००, दुरुस्ती ३१,०००. एकूण ४,१९,८००. जाळ्या पंचायतीच्या निधीतून, बाकी लोकवर्गणी. ओघळीतल्या बांधांची मजुरी रोजगार हमीची, ती यात नाही. वर्गणी एकराप्रमाणे न घेता ओढ्याला लागून असलेल्या लांबीप्रमाणे घ्यायला हवी होती असं आता वाटतं. ज्याचं शेत ओढ्यापासून लांब त्याने दिले आणि काठावरच्या एकाने दोन वर्षं लावली, त्यावरून बरीच बोलाचाली झाली.

२०२५ ला पावसाने मेमध्येच गाठलं. मेची १५ तारीख ही कामं संपवायची खरी तारीख धरावी, जूनची ७ नाही. तीन-चार दिवसांत ओढा दोनदा काठोकाठ वाहिला. दुसऱ्या उंबऱ्याची नवी बाजू राहिली. तिसऱ्या उंबऱ्यामागे ४५ सेंमी गाळ आणि गोटे साचले, म्हणजे तळ वर यायला लागला. उतरणीतला एक धोंडा फिरून खाली गेला, तो पावसाळ्यानंतर बसवायचा आहे. काठातल्या बारा सळ्यांपैकी नऊ जशाच्या तशा, दोन चार-पाच सेंमी उघड्या. बारावी सापडली नाही. ती ढासळण्यात गेली की कुणी उपटून नेली, सांगता येत नाही. भंगाराला भाव आहे.

राहिलेलं एक काम आपल्या हातातलं नाही. वरच्या रस्त्याच्या मोरीत ९० सेंमीचे दोन पाईप आहेत, दोन्ही मिळून फार तर तीन घनमीटर पाणी जातं. येणार बारा. मागे तुंबी साचते आणि पाईपमधून सुटलेली धार थेट समोरच्या काठावर आदळते. मोरी बदलण्याचा अर्ज मोजमापाच्या वहीच्या प्रतीसह ऑगस्ट २०२४ मध्ये दिला, पोच आहे, दोन स्मरणपत्रं गेली आहेत. तोपर्यंत मोरीच्या तोंडाशी दीड मीटर जाडीचा दगडी थर टाकून धार मोडली आहे आणि प्रत्येक पावसाआधी पाईपमधला पाचोळा काढायची पाळी चार घरांनी वाटून घेतली आहे.